काशीद : एक

रेवदंड्याच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाची वेबसाइट दीक्षाने बनवली होती. घरात मार खाणाऱ्या बाईने कुठे जावं, निघताना कोणते कागद घ्यावेत, सगळं सोप्या मराठीत. किती बायका वाचतात ते कळावं म्हणून मोजणीही तिने परक्या कंपनीकडे न देता विहाराच्याच जुन्या कॉम्प्युटरवर बसवली. नाव नाही, नंबर नाही, फक्त आकडा. चार दिवस त्या डबड्याशी झटापट करून जमलं, तेव्हा तिला स्वतःचा भारी अभिमान वाटला. वाटू दे, काम चांगलंच होतं.

क्यूआर कोडचे स्टिकर गावागणिक वेगळे केले, म्हणजे कुठलं गाव वाचतंय ते समजेल. आणि मंडळाची रीत अशी की काही झाकून ठेवायचं नाही, हजेरीसुद्धा फळ्यावर. म्हणून आकड्यांचं पानही तिने सगळ्यांना उघडं ठेवलं. घोडं पेंड खातं ते इथेच.

मंगळवारी सकाळी अध्यक्ष इंदूबाईंनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ‘काशीदची पहिली बाई आली! काल दुपारी, “घर सोडताना” हे पान.’ खाली फुलं आणि टाळ्या.

दीक्षाने तो मेसेज पुन्हा वाचला. काशीदचा स्टिकर एकाच जागी होता, एका होमस्टेच्या मागच्या न्हाणीत. ती न्हाणी वापरणाऱ्या दोघीच, घरची सून सगुणा आणि नणंद केसर. जागा केसरनेच दाखवली होती आणि केसर ग्रुपवर होती. आपण पान उघडलं नाही हे तिला ठाऊक. मग उरली कोण? आणि केसरला मंडळ मंडळाच्या जागी, भाऊ भावाच्या जागी.

दीक्षाने आकड्यांचं पान बंद केलं, इंदूबाईंना फोन लावला.

“अगं, नाव कुठं टाकलंय मी?” त्या म्हणाल्या. “तूच म्हनालीस ना, कोन ते कळत न्हाय!”

“मावशी, एकच आहे ती. एकीला नाव कशाला लागतं?”

सगुणाला फोन करायची सोय नव्हती. उचलणार कोण, काय सांगावं? दीक्षा रिक्षात बसली. खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत तिने रिक्षावाल्याला तीनदा ‘जरा लवकर’ म्हटलं. आकडा लपवायला एक बटण पुरलं असतं, या विचाराने तिचा जीव नुसता जळत होता.

सगुणा अंगणात भांडी घासत होती. पलीकडे खुर्चीत तिचा नवरा. दीक्षाला तो ओळखत नव्हता. सगुणाने मान वर केली, दीक्षाला ओळखलं आणि ती काही बोलायच्या आत मोठ्याने म्हणाली, “खोली खाली न्हाय, बाई.”

“अगं, तिन्ही खाली हायत की,” नवरा म्हणाला. “गिऱ्हाइकाला काय सांगतेस?”

“साफ केल्या न्हाईत.”

सगुणाचा डावा गाल सुजला होता. “पुढच्या वेळी फोन करून येते,” दीक्षा कशीबशी म्हणाली. “ताई, तुमचा नंबर देता?”

सगुणाने पुढचं भांडं ओढलं.

“माझाच घ्या,” म्हणत नवऱ्याने शर्टाच्या खिशातून दोन फोन काढले. गुलाबी कव्हरचा परत खिशात टाकला आणि दुसऱ्यावरून सावकाश एकेक आकडा सांगू लागला. दीक्षा लिहून घेत राहिली.