उलट चालणारी होडी

"चालली! अरे बघा, वर चालली!"

माग्दालेना नदीच्या काठावर सारं गाव ओरडत होतं. इंजिन नाही, वल्हं नाही, आणि कार्मेनमातेची मूर्ती ठेवलेली होडी काठाकाठानं प्रवाहाविरुद्ध निघाली होती. चमत्कार दाखवत फिरणारे साधू, बंधू आर्सेनियो, गुडघाभर पाण्यात उभे राहून गर्जत होते, "नदी माझं ऐकते! या होडीत बसलेलं लेकरू वर्षभर बुडायचं नाही. लाइफ जॅकेट काढा! संशयानं होडी जड होते!"

माझी नऊ वर्षांची मायते रोज होडीनं शाळेत जाते. ती परतेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. असं वरदान मला हवंच होतं. पण मनातलं खरं कारण निराळं. शाळेतल्या बाई, प्रोफे दिओसेलिना, नदी शिकवतात: होडी कशी हाकायची, कुठल्या डोंगराचं पाणी कुठे उतरतं. तेव्हापासून घरात एकच जप, प्रोफे म्हणाल्या, प्रोफे म्हणाल्या. मी कॉलेज शिकलेली; मला कोण विचारतं? "त्या होडीत बसू नका, असं प्रोफे म्हणाल्यात," एवढं मायतेनं सांगितलं आणि मी हट्टाला पेटले. बसायचंच!

तिच्या जॅकेटचा बंद मीच सोडला.

"आई, थांब ना." तिनं हातातल्या केळ्याच्या सालीचा तुकडा काठाशी टाकला. तो होडीमागोमाग वर निघाला. दुसरा तिनं लांब भिरकावला. तो सरळ खाली वाहत गेला.

"बंधू, होडी नदीत कोसळलेल्या त्या दरडीच्या वरच्या अंगानं सोडा की."

"माता तिथे येत नाही, बाळ!"

"का? वाट चुकते?"

लोक हसले. म्हातारा नावाडी फ्रोइलान पुढे झाला आणि त्यानं बांबूनं होडी, अजून कुणी बसायच्या आतच, नदीच्या मधल्या धारेकडे ढकलली. चार हातांवर ती गर्रकन फिरली, कलंडली आणि मूर्तीसकट खाली ओढली गेली. मी मायतेला जवळ ओढून तिच्या जॅकेटचा बंद पुन्हा बांधला.

"गेल्या पावसात बोडका डोंगर घसरून नदीत आला ना," मायते सांगत होती, "त्याच्या आडोशाला पाणी उलटं फिरतं. आम्ही वहीत बाण काढलेत."

फ्रोइलाननं कपाळावर हात मारला. "वल्ह्यांच्या काळात वर जायला आम्ही असंच पाणी हुडकायचो. होड्यांना मोटारी आल्या आणि विसरलो, गाढवासारखे!"

आर्सेनियो तोवर गर्दीतून निसटले होते.

प्रोफेंचा मला आजही हेवा वाटतो. माझ्या लेकीला वाचवलं त्यांच्या शिकवण्यानं, आणि बुडवायला निघाले होते मी. म्हणून आयांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे दहा हात पलीकडे करून दाखवाल? जो टाळाटाळ करेल, त्याच्या हाती लेकरू देऊ नका.