रिकामा शॉट

झिनाइदा याकोव्हलेव्ह्ना आणि मी एकाच वर्गातले. वीस वर्षं अरे-तुरे होतं. मग टोकामॅक या चुंबकी भट्टीतल्या तापलेल्या प्लाझ्माची खळबळ मोजायचं वेड दोघांनाही लागलं, आणि आता पीटर्सबर्गच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही एकमेकांना पूर्ण नावाने, अहो-जाहो करून टोचतो.

भांडण खिडकीचं. यंत्राच्या दुरुस्तीनंतर सूक्ष्मलहरी आत सोडायला एकच खिडकी उरणार होती. तिथे तिचं उपकरण बसणार की माझं, हे आमचा प्रमुख सिदोरचुक त्या दिवशी ठरवणार होता. माझ्याकडे माझी लाट होती: सेकंदाला तीस हजार हेलकावे, आठ वर्षांपूर्वी मीच शोधलेली. बाईंकडे नुसता गोंगाट, असं मी सांगत फिरायचो.

"तुमचा सिग्नल प्लाझ्माचा नाहीच," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "चुंबकांच्या विजेची गुणगुण पकडता आणि तिला खळबळ म्हणता!"

"मग घ्या की रिकामा शॉट, ग्लेब रोस्तिस्लावोविच. का नुसती जीभच चालते?"

शॉट म्हणजे यंत्राची एक फेरी; रिकाम्या शॉटमध्ये चुंबकं चालू, पण आत वायू नाही, प्लाझ्मा नाही. दिवसाला पंधराच शॉट मिळतात, त्यामुळे असला शॉट मागणारा सगळ्यांच्या शिव्या खातो. आठ वर्षांत मीही कधी मागितला नव्हता.

"घ्याच," मी म्हणालो. "यांच्या वाट्यातला."

तिच्या वाट्याचे तीनच उरले होते. तरी तिने होकार दिला.

ऑपरेटर तिमूरने बटण दाबलं. तिचा आलेख सपाट आला. माझा तिळपापड झाला. तेवढ्यात तिमूर म्हणाला, "आणि हे काय?"

माझ्या पडद्यावर तीस हजारांवर उंच, देखणं शिखर उभं होतं. प्लाझ्मा नसताना. आठ वर्षं मी भिंतीपलीकडचा चुंबकांचा वीजपुरवठा मोजत होतो.

सिदोरचुक चष्मा पुसत राहिला. झिनाइदा माझ्या खुर्चीमागे आली.

"माझे दोन आहेत अजून. एक घ्या," ती हळूच म्हणाली. "एकदा मोजून काही ठरत नसतं."

तिने दात काढले असते, तर मी तिला फाडून खाल्लं असतं. हा शॉट मात्र मला घेता येईना. पुन्हा तेच दिसणार, हे तिच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

"नको," मी सिदोरचुकला म्हणालो. "खिडकी यांना द्या."