सिद्धेशची फुंकर

सिद्धेशने नळी तोंडाला लावून दमदार फुंकर मारली आणि गाडीतल्या यंत्राने लाल दिवा लावून त्याला नापास केलं.

ड्राइव्हवेवर दप्तर घेऊन उभी असलेली रुचा हे पाहत होती. सोळा वर्षांची ही मुलगी वर्षभर बापाच्या गाडीत बसली नव्हती. पिऊन गाडी चालवताना तो दुसऱ्यांदा पकडला गेला, तेव्हा ती मागच्या सीटवर होती. आता कोर्टाच्या हुकमाने गाडीत हे यंत्र आलं होतं. श्वासाला दारूचा वास नसेल तरच इंजिन सुरू होणार. यंत्राची खात्री रोज पटत होती, रुचाची पटायची होती. आज तिची आई सुचित्रा हॉस्पिटलात ड्यूटीवर आणि रुचाला इथे परदेशात दर शनिवारी भरणाऱ्या मराठी शाळेत छोट्यांचा वर्ग घ्यायचा, म्हणून ती कशीबशी तयार झाली होती. नेमका आजच हा घोळ.

“आय न्यू इट,” रुचा म्हणाली. “मी उबर करते.”

“मी प्यायलेलो नाही गं.”

“मग मशीन खोटं बोलतंय?”

‘मी प्यायलेलो नाही’ हे वाक्य तिने त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की आज ते खरं असूनही पोकळ वाटलं. सिद्धेशला स्वतःचाच भयंकर राग आला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. उल्काकाकूंनी पुण्याहून आणून दिलेलं द्राक्षासव! निघता निघता दोन झाकणं घेतली होती. आपल्याकडे आसव म्हणजे औषध. द्राक्षं आंबवून केलेलं असलं, तरी त्याला दारू म्हणायची कुणाची छाती नाही. यंत्राला मात्र पुण्याचा मान ठेवायचं काही कारण नव्हतं.

“ओट्यावरची बाटली बघ. लेबल वाच.”

रुचा बाटली घेऊन आली. “कंटेन्स अल्कोहोल. बाबा, सिरियसली?”

“अगं, औषध म्हणून घेतलं, लक्षातच नाही आलं. नुसतं तोंडात राहिलं असेल तर चूळ भरून थोडं थांबलं की जाईल. दारू ढोसली असती तर चूळ भरून गेली नसती. तू इथेच थांब. परत लाल आला तर उबर बोलाव, मी एक शब्द बोलणार नाही.”

बागेच्या नळावर त्याने गाल दुखेपर्यंत चुळा भरल्या. मग दोघं पायरीवर बसली. रुचाने हातात फोन धरला होता, पण उबर बोलावली नव्हती. खूप वेळाने ती म्हणाली, “ओके. ट्राय कर.”

दिवा हिरवा झाला. रुचाने मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि शेजारी येऊन बसली. “चल, लेट होतंय.” सिद्धेशला इतका आनंद झाला की पट्टा लावायचाच राहिला. तो तिने आठवण करून दिल्यावर लावला.

मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये निवृत्त डॉक्टर गुरुनाथकाका दर शनिवारी गाड्या लावून देतात. सिद्धेशची गाडी त्यांच्यापुढे आली आणि यंत्राने पिपाणी सुरू केली. चालत्या गाडीतही ते असं मधूनच फुंकर मागतं. काका खिडकीशी वाकले. मागे ओळखीच्यांच्या गाड्यांची रांग लागली होती.

“हे काय रे, सिद्धेश? इन्हेलर का?”

हो म्हणून मोकळं व्हावं, असं त्याला फार वाटलं. तरी त्याने नुसती नळी हातात घेतली.

“नाही काका,” रुचा म्हणाली. “बाबा पूर्वी ड्रिंक करून ड्राइव्ह करायचा. आता नाही करत. ते मशीन चेक करतं. बाबा, ब्लो कर ना.”

काका ताठ उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी मागची सगळी रांग थांबवली. सिद्धेशने खिडकीची काच वर केली नाही आणि सगळ्यांदेखत फुंकर मारली.