काळा भुसा, तांबडा भुसा

शेवटच्या साध्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन गोठ्यामागच्या गॅसप्लांटवर गेले, तेव्हा ते फोरमनबाईवर ओरडत होते.

"अगं गाढवे, ढीग काय करतेस? पातळ पसर! पेटवायचंय का सगळं?"

"तुम्हीच पेटलायत काका, आधी पाणी प्या," ती म्हणाली आणि दोघं हसले.

फोरमनबाई हे नाव बाबांनीच ठेवलेलं. ती माझ्याच वयाची, त्यांची मदतनीस. शेणाच्या गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो त्यातल्या गंधकाच्या विषाचा, आणि ते गॅसवर चालणाऱ्या इंजिनात गेलं तर इंजिन आतून खाऊन टाकतं. म्हणून बाबा गॅस आधी दोन पिंपांतून सोडत. पिंपात गंज चढवलेला लाकडाचा भुसा असे. गंज ते विष धरून ठेवतो आणि भुसा काळा पडतो. मग तो बाहेर काढायचा, ओला करायचा, वाऱ्यावर पसरायचा, की पुन्हा तांबडा होतो. पण वारा लागला की तो तापतो, आणि ढिगात राहिला तर पेट घेतो.

हे सगळं मी फाटकाशी उभी राहून ऐकलेलं. दंताळ्याला हात लावला की बाबा म्हणत, "राहू दे बाळा, हाताला वास लागेल." त्या दिवशीही म्हणाले. फोरमनबाईच्या हातांना तो वास कायमचा होता. बाबा घरी आले की यायचा, तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं पिंप रिकामं करताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात तिनेच नेलं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटी काय बोलले, तेही तिलाच ठाऊक. मी विचारलं नाही.

दुपारी घर माणसांनी भरलं. ती आईला बिलगून हमसून रडत होती, आणि आत्या पाठ चोळत होती ती तिची. एकाएकी ती ताडकन उठली.

"भुसा! ढीग तसाच राहिला!"

मी तिच्यामागे धावले. ढिगातून धूर निघत होता, नाकाला झोंबणारा. तिने पाण्याचा पाइप धरला, मी वाऱ्याच्या बाजूने दंताळं घातलं. या वेळी मला अडवायला कोणी नव्हतं.

"अगं गाढवे, पातळ पसर!" ती ओरडली आणि तिचा चेहराच उतरला. "चुकलं, ताई. तोंडात तेच बसलंय."

मी पातळ पसरत राहिले. धूर विरला. कडेकडेने भुसा तांबूस दिसू लागला.

"मला कधीच म्हणाले नाहीत," मी म्हणाले.

"काय?"

"गाढव. तुला ऊठसूट म्हणायचे, मला नुसतं बाळा. त्या फाटकाशी उभी राहून मी तुझ्यावर जळायचे. आत्ताही जळतेय, तू रडलीस त्यावरसुद्धा. मला इथे यायचं होतं गं. त्यांच्या हाताखाली. त्यांच्या शिव्या खायला."