चिंचेच्या वळणावर थांबणारी फियाट

ईट गावच्या बब्रुवानरावांची फियाट बंद पडत नसे, ती थांबत असे. या दोहोंतला फरक ज्याला कळत नसे, त्याला ते रस्त्यातच उतरवून देत. बंद पडतात त्या दुसऱ्यांच्या गाड्या. यांच्या गाडीला साक्षात देव थांबवत होता, आणि तोही दरवेळी एकाच जागी, तालुक्याच्या गावी भूमला जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचेच्या वळणाला. त्यांची बायको कडूबाई हे सगळं पहिल्यापासून बघत आली होती. नवऱ्याच्या तोंडून देवाची गोष्ट सुरू झाली की ती गप स्वैपाकघरात जायची आणि तिथं भांडी जरा जास्त वाजायची.

गाडी पन्नास वर्षांची. सरपंचपद गेलं त्या साली बब्रुवानरावांनी ती बार्शीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून विकत घेतली. खुर्ची गेल्यावर गावात रामराम घालणारे एकदम कमी झाले होते; निदान हॉर्न ऐकून तरी माणसं बाजूला होतील, असा त्यामागं विचार. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. पूजा सगळेच करतात, हळदीकुंकवाचं बोट लावतात आणि मोकळे होतात. पण कमी करतील तर ते बब्रुवानराव कसले? सोनारीच्या भैरोबाहून आणलेला शेंदूर तेलात कालवून त्यांनी बॉनेटला लावला, स्टिअरिंगला लावला आणि मागं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर चांगला मूठभर थापला. गाडीचं पोट ते, तिथं देव बसला की काळजी मिटली, असं त्यांचं म्हणणं. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. ते कशाला ठेवलंय हे कुणी विचारलं नाही, आणि शेंदराखाली गेल्यावर ते दिसेनासं झालं.

पुढच्याच आठवड्यात गाडी वळणावर खोकली आणि थांबली. बब्रुवानरावांनी नारळ फोडला, झाकणावर शेंदराचा आणखी एक हात फिरवला, आणि पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडलं, कारण पेट्रोलचा काटा डॉक्टरांच्या काळातच मेला होता. झाकण फिरलं तसा टाकीतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. त्यांनी आत काडी बुडवून पाहिली, पेट्रोल होतं. झाकण लावून त्यांनी चावी फिरवली, आणि गाडी सुरू. देव बोलला, असं त्यांनी गावात येऊन सांगितलं.

पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला तेच. घरून निघालं की तेवढंच अंतर, तेवढंच पेट्रोल जळलेलं, म्हणून तीच जागा. पण असला विचार करायला रिकामा वेळ लागतो आणि तो गावाला कधीच नव्हता. चिंचेखाली दगड मांडायला, त्याला शेंदूर फासायला आणि थांब्या भैरोबा असं नाव ठेवायला मात्र गावाला वेळ मिळाला. गावातल्या भागवतनं तिथं पत्र्याचं शेड ठोकून नारळाचं दुकान टाकलं आणि आयता पुजारी झाला. त्याआधी तो काय करायचा, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. रविवारी माणसं जमायला लागली. ज्यांनी बब्रुवानरावांना निवडणुकीत पाडलं, तेच आता त्यांच्या गळ्यात हार घालायला रांगेत उभे राहत. मग भूमला काही काम नसलं तरी दर रविवारी फियाट भूमला निघायची, थांबायची, नवा शेंदूर लावून घ्यायची.

इथवर कडूबाईचं काही म्हणणं नव्हतं. नवऱ्याचा वेळ जातोय, घरात कटकट नाही, चाललंय ते बरं आहे. पण गेल्या वर्षी नातीची परीक्षा आली.

सृष्टी, पुण्याला कारखान्यात असलेल्या त्यांच्या मुलाची, कृष्णराजची मुलगी, आजीपाशीच शिकलेली. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला धाराशिवला जायचं होतं आणि पहिली एसटी पोचेपर्यंत केंद्राचं गेट बंद होणार होतं. सरपंचाची नात भाड्याच्या जीपमधून जाणार नाही, असं माजी सरपंचांनी जाहीर केलं. धाराशिवची वाट भूमवरूनच, त्यामुळं फियाट वळणावर थांबली. पोरगी परीक्षेला निघालीय म्हटल्यावर भागवतनं खास लांबलचक आरती घेतली. गाडी धाराशिवला पोचली तेव्हा गेट लागलं होतं. देवाच्या मनात नव्हतं, एवढं बोलून बब्रुवानराव चहा प्यायला गेले. सृष्टी घरी आली, जेवली, ताटं घासली, आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगाला टेकून रडली. कृष्णराजनं फोनवर सांगितलं की आणखी एकदा बसू दे, तेव्हाही नाही झालं तर उन्हाळ्यात लग्न उरकून टाकू. गोठ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या कडूबाईनं त्या दिवशी नवऱ्याला माफ केलं नाही, आणि देवालाही नाही.

यंदा परीक्षेच्या महिनाभर आधी ती डोळे दाखवायला म्हणून फियाटमधून भूमला गेली. वळण आलं, गाडी थांबली, नारळ फुटला, झाकण उघडलं आणि सुस्कारा आला. हा आवाज आपण कुठंतरी ऐकलाय, असं तिच्या मनात घोळत राहिलं. दोनच दिवसांनी तिनं तेलाचा नवा डबा फोडला. एका कोपऱ्याला भोक पाडून डबा कलता केला तर तेल गटक गटक करून अडकायला लागलं. मग तिनं नेहमीसारखं दुसऱ्या कोपऱ्याला भोक पाडलं. डब्यानं श्वास घेतला आणि तेल सरळ धारेनं आलं. कडूबाई डबा तसाच धरून बसली. शेंदूर लागायच्या आधी टाकीच्या झाकणावर दिसलेलं ते बारीक भोक तिला आठवलं. तिला हसू आलं, आणि मग इतका राग आला की अर्धं तेल ओट्यावर गेलं.

नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं असतं तर देवाची शंका घेतल्याबद्दल त्यांनी झाकणावर प्रायश्चित्ताचा आणखी एक थर दिला असता. परीक्षेच्या दिवशी पहाटे ते आंघोळीला गेले तशी ती गोणी शिवायचं दाभण घेऊन गाडीमागं गेली. तिनं आधी हात जोडले, देवा तुझा श्वास मोकळा करते, राग मानू नको म्हणाली, आणि त्या शेंदराच्या लाडवात दाभण आरपार घातलं. वरून पाहणाऱ्याला काहीसुद्धा कळलं नसतं. मग धाराशिवला गुडघा दाखवायचाय असं सांगून ती नातीशेजारी मागच्या सीटवर बसली.

त्यात रविवार आणि अमावस्या एकदम. वळणावर गर्दी दुतर्फा होती, हलगी लावलेली होती, भागवत हार घेऊन रस्त्यात उभा होता. फियाट मात्र खणखणीत पळत होती. बब्रुवानराव खोकल्याची वाट बघत होते आणि खोकला येत नव्हता. त्यांनी मान तिरकी करून कान दिला. आरशात कडूबाईला त्यांचा चेहरा दिसला, मतमोजणीच्या दिवशी असाच झाला होता तो. गाडी आणखी जवळ आली, हलगी कडाडली, आणि गाडी एक हिसका देऊन थांबली.

माणसांनी जयजयकार केला. बब्रुवानराव मागं न वळता देवाची इच्छा असं काहीतरी पुटपुटले. सृष्टीनं हॉलतिकीट मांडीवर उपडं ठेवलं आणि डोळे मिटले.

कडूबाई पुढं वाकली. "पाय काढा," ती म्हणाली.

"आगं, देवानं..."

"देव कशाला येतोय ब्रेक दाबाया. पाय तुमचा हाय. म्या बघितला."

भागवत हार घेऊन खिडकीपाशी पोचला होता.

"गेल्या साली देवाच्या नावावर खपलं," ती हळूच म्हणाली. "ह्या साली पोरीचं वाटोळं तुमच्या नावावर लागंल."

भागवतनं हार घातला. बब्रुवानरावांनी एकदा त्या सगळ्या माणसांकडं बघून घेतलं आणि चावी फिरवली. नारळ फुटला नव्हता, झाकण उघडलं नव्हतं, तरी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. फियाट वळण घेऊन पुढं निघाली.

आपण जिंकलो असं वाटेल, अशी कडूबाईची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. हार गळ्यात घेऊन एकटक पुढं बघणाऱ्या त्या माणसाची तिला कीव आली, आणि त्याच्यावर जीव आहे म्हणून ती जरा जास्तच आली. भूम मागं पडलं. मग बब्रुवानरावांनी एका हातानं हार काढून शेजारच्या सीटवर ठेवला.

"सृष्टे," ते म्हणाले, "गेट किती वाजता बंद व्हतंय गं?"

गेल्या वर्षी त्यांनी हे विचारलंच नव्हतं.