मला पूल बांधायचा नाहीये

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बिजागरीसकट बाईंच्या हातात आलं, तेव्हा भावजी समोरच चहा पीत बसले होते. दार निखळल्याचं बाईंना काही वाटलं नाही, ते कित्येक महिने लोंबतच होतं. ते भावजींच्या डोळ्यांदेखत निखळलं याचा मात्र त्यांना फार राग आला.

"बघा," भावजी कप खाली ठेवत म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

ते काय सांगत होते ते बाईंना तोंडपाठ होतं. बाईंचे यजमान गेल्यापासून त्यांच्या या धाकट्या भावाने एकच पालुपद धरलं होतं. वहिनींना एकटीला घर झेपत नाही, त्यांनी आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला यावं, हे घर भाड्याने द्यावं. पुरावे द्यायला घर एका पायावर तयार होतं. पलंग कुरकुरत होता, न्हाणीघराच्या दाराची कडी सुटली होती, बैठकीतल्या पडद्याचा दांडा एका बाजूने खाली आला होता. त्यात बाईंचं उजवं मनगट. जिन्यात पडून मोडलं होतं. हाड जुळलं, पण पिळायची ताकद काही परत आली नाही. बरणीचं झाकण उघडताना डोळ्यांत पाणी यायचं, तिथे स्क्रू कुठून पिळला जाणार?

भावजी इमारतींच्या कामावर सुपरवायझर होते. भिंत फोडणारं ड्रिल त्यांच्या घरी होतं. "रविवारी येतो आणि सगळं ठोकून देतो," असं ते दर वेळी म्हणायचे. ड्रिल होतं, रविवार काही उगवत नव्हता.

आज मात्र ते तसंही म्हणाले नाहीत. "आता दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. भाडेकरू बघितलाय मी. येत्या रविवारी खोकीच घेऊन येतो. तुमच्या लेकीशीही बोललोय."

लेक दूर राहायची. बाईंनी लगेच तिला फोन लावला.

"आई, काका काही चुकीचं बोलत नाहीयेत गं."

"काकांचं काकांच्या तोंडून ऐकलंय मी. तू काय म्हणतेस?"

"मला काळजी वाटते."

"मग काळजी कर. खोकी भरू नकोस."

फोन ठेवल्यावर बाई त्या निखळलेल्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. मागच्या बाकावरच्या कार्ट्यांना नुसत्या नजरेने गप्प केलं होतं. आणि आता आपणच मुकाट्याने मागच्या खोलीत जाऊन बसायचं? ऐकावं जनाचं हे त्यांनी पुष्कळ केलं होतं. करावं मनाचं, ते राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. पर्समध्ये ती बिजागरी, तिचे स्क्रू आणि कपाटाच्या जुन्या फळीचा एक तुकडा होता.

"बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर दाखवा."

"साहेबांना काय काम करायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"साहेब नाहीत. मी आहे."

दुकानदाराने काउंटरवर एक धूड ठेवलं. "हे न्या. काँक्रीटमध्ये लोण्यासारखं घुसतं. एकदा घेतलं की जन्मभर बघायला नको."

बाईंनी ते उजव्या हाताने खांद्यापर्यंत उचललं. मनगट थरथरायला लागलं, तसं डाव्या हाताचा आधार देऊन त्यांनी ते खाली ठेवलं.

"मला पूल बांधायचा नाहीये. बिजागऱ्या घट्ट करायच्यात. लहान दाखवा."

"लहानात दम नसतो बाई. त्यापेक्षा साधा हाताने फिरवायचा घ्या."

"हाताने फिरवता आला असता तर तुमच्याकडे आले असते का?"

मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला घाई होती. "आजी, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?"

"होता," बाई मागे न बघता म्हणाल्या. "त्यालाही नाही जमायचं."

दुकानात हशा पिकला. दुकानदारही हसला, आणि मग त्याने मुकाट्याने लहान यंत्रं काढली.

बाईंनी फळीचा तुकडा काउंटरवर ठेवला आणि आपले स्क्रू त्यावर मारून बघायला सुरुवात केली. पहिलं यंत्र टॉर्चसारखं सरळ होतं. हाताला हलकं लागलं, पण स्क्रू घट्ट झाला की ते स्क्रूऐवजी मनगटच पिळायचं. ते बाजूला गेलं. दुसऱ्याचं स्क्रू उलटा फिरवायचं बटण इतकं कडक होतं की अंगठ्यातून कळ आली. तेही गेलं. तिसऱ्याला पिस्तुलासारखी मूठ होती आणि अडचणीच्या जागेसाठी ती सरळही करता यायची. पुढे आकड्यांचं एक गोल कडं होतं. लहान आकड्यावर ठेवलं की स्क्रू बसताच यंत्र टर्र करून थांबायचं, लाकूड फोडायचं नाही. बंद असताना त्याचं टोक जागच्या जागी अडकून राहायचं, म्हणजे शेवटचा पीळ हातानेही देता यायचा. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज व्हायचं. बाईंनी ते डोक्यावर धरलं, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहावं तसं. मनगट कुरकुरलं, पण थरथरलं नाही.

"हे द्या."

"त्यात ताकद नाही हं. उद्या परत आणून माझ्या डोक्यावर बसू नका."

"माझ्या हातात ताकद किती ते मला ठाऊक आहे. तिच्याशी पटणारं हवंय मला, तिला दटावणारं नको."

घरी आल्यावर पहिलाच स्क्रू फसला. कपाटातली भोकं झिजून एवढी मोठी झाली होती की स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला. बाईंनी कपाळाला हात लावला. मग भोकांत गोंद ओतला, काड्यापेटीच्या काड्या मोडून ठासल्या आणि वाळायला सोडून दिलं. तोवर पलंग धरला. त्याचे स्क्रू जाडजूड, एका जागी यंत्राने मानच टाकली. बाईंनी ते बंद केलं आणि मूठ दोन्ही हातांनी धरून, अंगाचा सगळा भार टाकून शेवटचा पीळ दिला. पलंग गप्प झाला. न्हाणीघराची कडी बसली. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या जुन्या पुस्तकांच्या थप्पीवर कपाटाचं दार टेकवून बिजागरी लावली. रात्री मनगट सुजलं. बाईंनी शेक घेतला आणि पलंगावर मुद्दाम तीनदा कूस बदलून पाहिली.

रविवारी भावजी आले ते बेल न वाजवता, स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून. मागून हातात घडी केलेली खोकी घेऊन धाकटी जाऊ. भावजी थेट स्वयंपाकघरात गेले आणि कपाटाचं दार ओढलं. दार उघडलं. पुन्हा लावलं, लागलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

ओट्यावरचं यंत्र त्यांनी दोन बोटांत उचललं. "ह्याने? वहिनी, हे खेळणं आहे. आणि दार वाकडं बसलंय."

"बसलंय. माझं आहे."

भावजी बैठकीत गेले. लोंबणारा दांडा बघून त्यांचा आवाज चढला. "आणि हा?"

"त्याला भिंतीत नवं भोक पाडायला लागतं. या यंत्राचं ते काम नाही. सुताराला सांगितलंय, उद्या येईल."

"म्हणजे झेपत नाहीच ना!"

"भावजी, तुम्ही एवढ्या इमारती उभ्या केल्यात. त्यातली एक तरी वीट स्वतः रचलीत? माणसं बोलावलीत, काम सांगितलंत, करून घेतलंत. मग इमारत तुम्हाला झेपली नाही असं कोणी म्हणालं का?"

जाऊबाईंना एकदम खोकला आला. तो खोकला नव्हता हे तिघांनाही कळलं.

भावजी खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "दादाला शब्द दिलाय मी. वहिनींकडे बघीन म्हणून."

या माणसाने भावाच्या आजारपणात रात्रीच्या रात्री जागवल्या होत्या, हे बाई विसरल्या नव्हत्या. पण आता आपण विरघळलो तर खोकी भरली जाणार, हेही त्यांना समजत होतं.

"बघा की. जरूर बघा. पण पाहुण्यासारखे या, बेल वाजवून. किल्ली इथे ठेवा."

"वहिनी..."

"ठेवा."

किल्ली टेबलावर ठेवायला भावजींना बराच वेळ लागला. "भाडेकरूला काय सांगू मी?"

"घरात माणूस राहतंय म्हणून सांगा."

ते ताडताड जिना उतरून गेले. जाऊबाई मात्र दारात रेंगाळली. खाली पावलं वाजायची थांबल्यावर हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? तुमच्यासाठी जी खोली ठरवली होती ना, तिच्या दाराला आतून कडीच नाही. मी दुपारची तिथे टेकते जरा, तर कोणीही आत येतं. सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

इतकी वर्षं ही जाऊ बाईंशी फक्त लोणच्याबिणच्याचं बोलत आली होती.

"कडी आणून ठेव," त्या म्हणाल्या. "मी येते. पण बसवायची तू. मी नुसतं दाखवीन."

भावजींचा अबोला बरेच दिवस टिकला. बाई त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा ते पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. बाईंनी जावेच्या हातात यंत्र दिलं, आकड्यांचं कडं कसं फिरवायचं ते सांगितलं आणि दार धरून ठेवलं. पहिला स्क्रू तिरका गेला. धाकटीने जीभ चावली, बटण उलटं केलं, स्क्रू काढला आणि पुन्हा लावला.

"अगं, थोडं डावीकडे घे," पुढच्या खोलीतून आवाज आला.

"तुम्ही वाचा," धाकटी म्हणाली आणि बटण दाबलं.