काट्याच्या दातांमधली जागा

चमच्या-काट्यांचा नवा संच घरात आला तेव्हा आत्या टेबलाच्या कडेला बसून शेंगा सोलत होती. भाचा आणि सूनबाई नुकतेच बाजारातून आले होते. खोका मोठा, झाकणावर सोनेरी अक्षरं, आत निळी मखमल आणि मखमलीच्या खाचांत आठ जणांचे चमचे, काटे, सुऱ्या ओळीने निजलेल्या. सूनबाईने झाकण उघडून खोका सगळ्यांना दिसेल असा फिरवला. सात वर्षांच्या नातीने लगेच आपला काटा कोणता ते ठरवून टाकलं.

या खरेदीचं महिनाभर चाललं होतं. जुने चमचे हरवले होते, उरलेल्यांच्या माना वाकल्या होत्या, एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. दोघांनी रोज जेवणानंतर फोनवर चित्रं पाहिली. सूनबाईने शेजारणीला विचारलं, मैत्रिणीला विचारलं. भाच्याने ऑफिसातल्या चार जणांचं मत घेतलं. आणि त्याच घरात, त्याच टेबलाशी, एक बाई बसत होती जिने एकोणतीस वर्षं चमचे बनवण्याच्या कारखान्यात काढली होती. तिला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

पहिली अठरा वर्षं आत्या घासाईच्या खात्यात उभी होती. साच्यातून कापून आलेल्या काट्यांच्या कडा फिरत्या पट्ट्यावर धरायच्या, नाकात धूळ, कानात घरघर. पुढची अकरा वर्षं ती तपासणीच्या टेबलावर बसली. हजारातला एक खोटा चमचा ती ढिगातून बाहेर काढायची, म्हणून तिचं नाव ‘दुर्बीण’ पडलं होतं. नव्या पोरींना साहेब सांगायचे, दुर्बिणीच्या हाताखालून जे गेलं ते गेलं. लग्न तिने केलं नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि भाच्याने आग्रह केला म्हणून इथे राहायला आली. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की आत्या ‘कुठल्याशा कंपनीत होती’.

“कसे आहेत, आत्या?” सूनबाईने विचारलं.

“छान आहेत,” आत्या म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

छान नव्हते. चार हातांवरूनच तिला दिसलं होतं की दांडीची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आहे. चांगल्या चमच्याचा पत्रा आधी लाटून घेतात. जिथे जोर येतो त्या मानेपाशी तो जाड ठेवतात आणि तोंडाच्या कडेला पातळ करतात. हे नुसते पत्र्यातून कापून दाबून काढलेले होते. पण आता विचारून काय उपयोग, आणलेत ना मनाने, मग खा मनाने, असं मनाशी म्हणत ती फुरंगटून बसली. खोक्याला तिने हातही लावला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नात उकडलेला बटाटा खात होती. काटा तोंडातून बाहेर काढताना ती एकदम किंचाळली. ओठाच्या आतून रक्त आलं, हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. सूनबाईने तिला उचलून बेसिनपाशी नेलं. भाचा बर्फ शोधायला धावला. आत्याने मात्र काटा उचलला, खिडकीशी नेला आणि दोन दातांच्या मधून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. प्रत्येक फटीत अडकलं. बाहेरून आरशासारखा लखलखणारा काटा आतून नुसता कापून सोडलेला होता. तिथे पट्टा फिरलाच नव्हता.

“आतून घासलेलाच नाही,” ती म्हणाली.

“तिने जोरात चावला असेल,” भाचा बर्फ फडक्यात गुंडाळत म्हणाला. “लहान आहे. धसमुसळेपणा करते.”

तेव्हा आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या ओठातून रक्त येतंय आणि दोष पोरीचाच. तपासणीच्या टेबलावर तिने असे काटे मूठ-मूठ बाजूला काढले होते, त्यापायी साहेबांशी भांडली होती. आज तोच माल तिच्या स्वतःच्या घरात, मखमलीत बसून आला होता. आणि सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला होता, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी ती दोघांबरोबर दुकानात गेली. वाटेत भाच्याने दोनदा बजावलं की बोलायचं काम माझं, तू फक्त बरोबर राहा. दुकान ऐसपैस होतं, काचेची कपाटं, पांढरे दिवे, गिऱ्हाइकांची बऱ्यापैकी वर्दळ. गल्ल्यामागे दुकानदार बसला होता, तोंडावरचं हसू इस्त्री केल्यासारखं. भाच्याने खोका पुढे ठेवला आणि इतक्या हळू आवाजात गाऱ्हाणं मांडलं की जणू चूक त्याचीच होती. दुकानदाराने मान डोलावत सगळं ऐकलं. मग म्हणाला की वापरलेला माल परत घेत नाही, मुलं काटे चावतातच, तारेच्या घासणीने घासले की कडा खराब होतात, आणि आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही. सूनबाई म्हणाली की घासणी स्पंजची आहे. त्याने तेही गोड हसून ऐकलं. भाचा खोका उचलायला लागला.

आत्याने झाकणावर हात ठेवला.

“आजी,” दुकानदार म्हणाला, “स्टील ते स्टीलच. सगळं सारखंच असतं.”

‘आजी’ तिने गिळलं. ‘सगळं सारखंच’ मात्र घशाखाली उतरलं नाही. इतकी वर्षं ती काय वेडी म्हणून उभी होती?

तिने शेजारच्या कपाटाशी उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलीकडे कापूस मागितला. मुलीने मालकाकडे पाहिलं, मग खणातून प्रथमोपचाराची डबी काढून कापसाचा बोळा दिला. आत्याने पहिला काटा उचलला, दातांच्या मधून कापूस ओढला. फटीत पांढरे तंतू लटकून राहिले. दुसरा काटा, तेच. आठांपैकी सहा काट्यांनी कापूस धरून ठेवला. ते सहा तिने गल्ल्यावर एका ओळीत मांडले, म्हाताऱ्या माणसांच्या दाढ्यांसारखे दिसत होते. दोन-तीन गिऱ्हाइकं जवळ आली.

मग तिने चमचा घेतला, मानेवर अंगठा ठेवला आणि दाबला. चमचा वाकला. किमतीच्या पाट्या कपाटाला चिकटवायला लोहचुंबकं लावली होती, त्यातलं एक काढून तिने चमच्याला लावलं.

“खोक्यावर अठरा-दहा लिहिलंय,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण कारखान्याच्या घरघरीवरून बोलायची सवय होती, त्यामुळे दुकानभर ऐकू गेलं. “म्हणजे अठरा भाग क्रोमियम आणि दहा भाग निकेल असं तुम्ही सांगताय. एवढं निकेल असलं की स्टीलला चुंबक धरत नाही. सुरीला चुंबक चिकटलं तर मी बोलणार नाही, सुरीला धार टिकायला वेगळं पोलाद लागतं. चमच्याने थोडी ओढ दाखवली असती तरी गप्प बसले असते, दाबताना तेवढं होतं. पण हा चिकटून लोंबकळतोय. आणि अठरा-दहा खोक्यावर आहे, चमच्यावर कुठेय? एका तरी चमच्याच्या पाठीवर ठसा दाखवा.”

दुकानदाराने चमचा उलटा केला, सुलटा केला. ठसा नव्हता. त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं, इस्त्री थोडी चुरगळली. मग पटकन म्हणाला की तुम्ही नेहमीचे लोक आहात, तुमच्यासाठी म्हणून घेतो परत. हे तिघं त्या दुकानात दुसऱ्यांदाच आले होते. भाच्याचा जीव भांड्यात पडला. त्याने दोनदा आभार मानले.

ते दाराशी पोचले असतील-नसतील, आत्याने मागे वळून पाहिलं. विक्रेती मुलगी काट्यांमधले कापसाचे तंतू चिमटीने काढत होती. दुकानदाराने वाकलेल्या चमच्याच्या जागी दुसऱ्या खोक्यातला चमचा बसवला, झाकण लावलं आणि तो खोका उचलून कपाटात, होता त्या जागी ठेवून दिला.

आत्या परत फिरली. भाच्याने तिचं कोपर धरलं. “आत्या, झालं ना आपलं काम. आता चल.”

“आपलं झालं,” आत्या म्हणाली. “उद्या हा दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या तोंडात जाईल.”

दुकानदाराचं हसू आता पार गेलं होतं. त्याने सुनावलं की माल आमचा, दुकान आमचं, तुमची सोय झाली आहे, तेव्हा इतर गिऱ्हाइकांना त्रास देऊ नका. भाचा लाजेने लाल झाला होता. आत्याला क्षणभर वाटलं की आपण एकट्याच आहोत, कारखान्यातही शेवटी शेवटी अशाच एकट्या होतो.

तेवढ्यात सूनबाई पुढे गेली. ही बाई भाजीवाल्याशीही कधी घासाघीस न करणारी. तिने कपाटातून खोका काढला, गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि खोका मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले.

“माझ्या मुलीच्या ओठाला आतून जखम झाली आहे,” ती म्हणाली. “हा खोका मी इथून हलू देणार नाही. बोलवा कुणाला बोलवायचंय ते.”

 तसाच खोका हातात घेऊन गल्ल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने तो खाली ठेवला आणि विक्रेत्या मुलीकडे कापूस मागितला. तिच्या मागच्या गृहस्थानेही मागितला. दुकानदार थोडा वेळ दाराकडे पाहत राहिला. मग त्याने त्या जातीचे सगळे खोके, नऊ होते, खाली काढायला लावले आणि जाड पेनाने प्रत्येकावर ‘कारखान्याला परत’ असं लिहायला लावलं. आत्याने उभं राहून एकेका खोक्यावरची अक्षरं वाचली. ते मागच्या दाराने परत पुढे येणार नाहीत याची खात्री तिला नव्हती, पण तेवढ्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

भाच्याला वाटलं आता घरी जायचं. आत्या म्हणाली की चमच्यांशिवाय घरी जाऊन काय हाताने सूप प्यायचं? तळाच्या खणात सुटे चमचे-काटे होते, साधे, नक्षी नसलेले, खोका नसलेले. तिने स्टूल ओढलं आणि सूनबाईला शेजारी बसवलं. कड ओठांवरून फिरवून बघायची. मान दाबून बघायची. चमचा बोटावर तोलायचा, तोंडाकडे डुगडुगला तर नको. काट्याच्या फटीत नख घालायचं. पाठीवरचा ठसा वाचायचा, आणि ठशावरही भरवसा ठेवायचा नाही. पहिले चार तिने निवडले, पुढचे सूनबाईने. सूनबाईने निवडलेल्यांतला एक आत्याने परत केला, का ते सांगितलं. शेवटचे आठ सूनबाईने एकटीने निवडले आणि आत्याला त्यांत खोट काढता आली नाही. विक्रेती मुलगी मागे उभी राहून स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होती.

संध्याकाळी जेवताना नातीने घाबरत घाबरत नवा काटा तोंडात घातला आणि मग विसरून गेली. भाच्याने आपल्या काट्याच्या फटीत नख फिरवून पाहिलं. मग म्हणाला, “पहिल्याच दिवशी तू बघितलं असतंस तर बरं झालं असतं, आत्या.”

आत्याने चमचा खाली ठेवला.

“बघितलं होतं,” ती म्हणाली.

सूनबाईने वाढायचा डाव पातेल्यात परत ठेवला.

“चार हातांवरून दिसलं होतं मला,” आत्या म्हणाली. “ तुम्ही साऱ्या गावाला विचारलंत, मला नाही. म्हणून मीही तोंड उघडलं नाही. तुम्ही विचारायला हवं होतं. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी मी सांगायला हवं होतं. पोरीच्या ओठाशी माझं काय भांडण होतं?”

भाच्याने मान खाली घातली. तू काय काम करायचीस ते तू कधी सांगितलंच नाहीस, असं काहीतरी तो पुटपुटला. मग आपल्यालाच ते पटेना म्हणून थांबला. सूनबाई उठली, नातीच्या पाठीवरून हात फिरवत आत्याच्या मागे येऊन उभी राहिली.  आत्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता.

रविवारी सकाळी तिने सूनबाईला कागद-पेन घेऊन बसवलं. खोक्याच्या तळाशी छापलेला कारखान्याचा पत्ता तिने दुकानातच उतरवून घेतला होता. पत्र दोन पानी झालं. त्यात कापूस होता, चुंबक होतं, लहान मुलीच्या ओठाची जखम होती आणि काट्याच्या दातांमधली जागा कोणत्या रुंदीच्या पट्ट्याने घासतात हेही होतं, कारण आत्याच्या मते त्यांना ते ठाऊक नसावं. दोन ठिकाणी सूनबाईने शब्द सौम्य करून बघितले, आत्याने ते पुन्हा होते तसे करवले.

तीन आठवडे झाले तरी उत्तर आलं नाही. आत्याने दुसरं पत्र सांगितलं. ते चार पानी झालं, आणि या वेळी सूनबाईने एकही शब्द सौम्य केला नाही.